आधी शेजारीण

लिओटा गेली. सत्त्याण्णव वर्षं, चार महिने.
चर्चच्या तळघरात आज हॅम आहे, चीजमधले बटाटे आहेत,
जेलीत अडकलेली गाजरं आहेत,
आणि माझा मसालेभात. त्याला ती 'पिवळा' म्हणायची.
गावात कोणीही वारलं की तिचा फोन:
पिवळा आणशील ना?
आज कोणी विचारलं नाही. आणला.

नेब्रास्कातलं गाव. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्या आठशे बारा.
पाटी कोणी बदलणार नाही.

माझ्या आईला तिचं नाव कधी धड ऐकू गेलं नाही.
'तुझ्या लोटाबाई कशा आहेत गं?' अकोल्याहून विचारायची.
मी लिओटाला अर्थ सांगितला, तर हसून हसून
चष्मा काढून पुसावा लागला तिला.
पुढच्या नाताळात आईला कार्ड गेलं,
खाली सही: लोटा.

लग्नानंतर मनातल्या मनात मी तिला 'अहो आई' म्हणायचे.
इंग्रजीत अहो ठेवायला जागाच नाही,
म्हणून तो नुसता जिभेखाली असायचा, खडीसाखरेसारखा.
कधी विरघळला, कळलं नाही.
बहुतेक त्या हिवाळ्यात, बर्फावर गाडी शिकवताना
ती ओरडली, ब्रेक नको, ब्रेक नको, घसरू दे तिला,
आणि आम्ही दोघी सावकाश गोल फिरत
शेजाऱ्यांच्या मक्याच्या खुंटांत जाऊन थांबलो.
'अगं!' म्हणाले मी. मराठीत.

पाच मुलं झाली, चार वाढली.
रॉजरचे छोटे बूट जिन्याखाली होते.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही,
दर एप्रिलमध्ये पॉलिश मात्र व्हायचे.

पाद्रीबुवा वाचताहेत: शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं,
एकशे चाळीस गोधड्या, नऊ नातवंडं.
टेलिफोनचं राहूनच गेलं.
चव्वेचाळीस साल, ती सतरा वर्षांची,
औषधाच्या दुकानावरची खोली,
भिंतभर भोकं आणि हातात दोऱ्या.
कोणाचा मुलगा कुठल्या बेटावर पडला
ते त्याच्या घरच्यांआधी हिच्या कानाला कळायचं.
मग काय करायचीस?
'आधी शेजारणीकडे घंटी वाजवायची,' म्हणाली,
मटारच्या शेंगा सोलता सोलता.
'ती एप्रन सोडून निघाली, अंगण ओलांडून पोचली,
एवढा वेळ मोजायचा.
मग त्या घरी.'
पुढची शेंग किडकी निघाली. ती तिनं बाजूला ठेवली.

माझी आई गेली त्या पहाटे
मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात दिवा.
टेबलाशी लिओटा बसलेली, अंगावर कोट,
बुटांवरचा बर्फ लादीवर वितळत होता.
ब्याऐंशी वर्षांची बाई, चार मैल, स्वतः गाडी चालवत.
काही बोलली नाही.
मग फोन वाजला.

आणि परवा, नर्सिंग होममधून फोन आला तो मला.
डेल शेतावर होता, मक्याची कापणी.
मोबाइल त्याच्या खिशात होता. मी लावला नाही.
बांधाशी गाडी उभी केली आणि
त्याची फेरी संपेपर्यंत थांबले.
मोठं यंत्र, मोठी धूळ.
वळताना त्यानं मला पाहिलं
आणि इंजिन बंद केलं.

सानिकाला कळवायचं होतं, शिकागोला.
तिच्या रूममेटचा नंबर शोधायला अर्धा तास गेला.

आता खुर्च्या मिटताहेत. पिवळा संपला.
बुडाशी लागलेली खरपूड तिला आवडायची,
चमच्यानं खरवडून थेट पातेल्यातूनच खायची.
ती मी डब्यात काढून ठेवली आहे.
कुणासाठी, ते विचारू नका.